समृद्धी झाली, विमानतळ झालं. पण नांदगाव खंडेश्वरात प्लॉट घेते कोण?

नांदगाव खंडेश्वर : 2025 चे पहिले सहा महिने सरले. या सहा महिन्यांत आपल्या तालुक्यात पेरणीच्या खालोखाल कशावर बोलल्या गेलं असेल तर ते प्लॉटवर. 16 एप्रिलला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. 5 जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला अन् नागपूर-मुंबई 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. 9 जुलैला महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. प्रत्येक बातमीच्या मागं मोबाईलवर एकच निरोप : भाऊ, आता भाव वाढनार, घेऊन ठेवा.

भाव सांगणं वेगळं अन् त्या भावात खरेदीखत होणं वेगळं. टपरीवर जो भाव ऐकू येते तो विकणाऱ्याच्या मनातला असते. दुय्यम निबंधकाकडं जाऊन नोंदवल्या जाते तो खरा बाजार. आपल्याकडं सध्या पहिल्याचाच गलबला जास्त आहे.

कारण सोपं आहे. जुलैत शेतकऱ्याच्या हाती पैसा नसते. बी-बियाणं, खत, फवारणी यात होता तो गेला. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, पण बाजारात बहुतेकांचं सोयाबीन त्याच्या खालीच गेलं. 2025-26 साठी हमीभाव 5,328 जाहीर झाला.  7 जुलै 2025 ला पापळहून, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या जन्मगावाहून, सातबारा कोरा करा म्हणत बच्चू कडूंची पदयात्रा निघाली. तेही आपल्याच तालुक्यातलं गाव. कर्जाखाली दबलेला माणूस प्लॉट घेत नाही, झाला तर वावराचा काठ विकते. घेणारा राहते तो पगारदार, नाहीतर पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला गावचाच पोरगा. त्यानं घेतलं म्हणून गावाचा भाव वाढला असं समजायचं कारण नाही.

आता समृद्धीचं बोलू. 'समृद्धी टच प्लॉट' हा शब्द ऐकला की जरा थांबा. या रस्त्याला दोन्ही बाजूनं कुंपण आहे. वावराच्या धुऱ्यावरून गाडी चढवता येत नाही. चढायचं-उतरायचं ते इंटरचेंजवर, आपल्याकडं शिवणीजवळ. तिथून लांब असलेल्या प्लॉटवाल्याला समृद्धीचा उपयोग गाड्या मोजण्यापुरता. यवतमाळ रोडचं तसं नाही, तिथं एसटी थांबते, दुकान चालते. अन् टेक्स्टाईल पार्क नांदगाव पेठला होऊन राहिला, नागपूर रोडवर. नावात नांदगाव आहे म्हणून तो खंडेश्वराच्या पदरात टाकून भाव सांगणारेही भेटतात.

सगळ्यात जास्त गोंधळ तुकडेबंदीचा आहे. 2023 पासूनचा नियम असा, की जिरायत 20 गुंठ्यांपेक्षा अन् बागायत 10 गुंठ्यांपेक्षा कमी तुकडा परवानगीशिवाय विकता येत नाही. लोकांनी तरी घेतले. कोणी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली, कोणी दहा जणांनी मिळून 20 गुंठे सामाईक घेतले. सातबाऱ्यावर दहा नावं, पण माझा गुंठा कोणता ते कागद सांगत नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही. पुढं भावाभावात नसलं भांडण ते शेजाऱ्यासोबत सुरू होते.

मंत्र्यांची घोषणा 1 जानेवारी 2025 पर्यंत झालेल्या तुकड्यांसाठी होती. जोर शहरी अन् रहिवासी भागावर होता.  म्हणजे आज कोणी तुम्हाला वावरातला गुंठा दाखवून 'कायदा उठला' म्हणत असेल, तर तो तुमच्या इसाराच्या पैशावर डोळा ठेवून आहे. जुने व्यवहार ज्यांचे अडकले आहेत त्यांनी आपली चिठ्ठी, पावत्या, फेरफाराची नक्कल शोधून ठेवावी. नव्यांनी घाई करू नये.

घ्यायचंच असेल तर एन.ए.चा आदेश अन् मंजूर ले-आऊटचा नकाशा मागा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा अन् आठपेक्षा जास्त प्लॉटचा ले-आऊट असेल तर महारेराचा नंबर पाहिजे. तो मोबाईलवरच तपासता येते. खर्चातही वाढ आहे. 1 एप्रिल 2025 पासून सरकारी रेडीरेकनर राज्यात सरासरी ग्रामीण भागात 3.36 टक्के, तर नगरपालिका-नगरपंचायत भागात 4.97 टक्के वाढलं. मुद्रांक शुल्क सौद्याची रक्कम अन् रेडीरेकनर यात जे जास्त त्यावर लागते. नोंदणी फी 1 टक्का वेगळी, जास्तीत जास्त 30,000.

या सगळ्या गलबल्यात ज्याला खरंच घर बांधायचं आहे तो मागं राहून गेला. घरकुलाच्या मंजुऱ्या 2025 मध्ये मोठ्या प्रमाणात आल्या. 1 लाख 20 हजारांवर राज्यानं एप्रिल 2025 मध्ये 50 हजार वाढवले, पाच ब्रास वाळू फुकट देण्याचं धोरणही आलं. पण ज्याच्याजवळ जागाच नाही त्याचं काय? त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे, 500 चौरस फुटापर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत. हिशेब 200 रुपये फूट पडते. आपल्या गावात गावठाणाजवळ 200 रुपये फुटानं कोण जागा देते, विचारून पाहा. जो भाव पुण्याच्या पोराला सांगितल्या जाते, तोच मजुराला सांगितल्या जाते. मंजुरीपत्र घरात पडून अन् बांधायला जागा नाही अशा लोकांची यादी ग्रामपंचायतीत असते. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचायला लावा. गावठाणाला लागून सरकारी जागा असेल तर तिची मागणी त्याच ठरावात घाला.