चंद्र कुणी पाहिला?

समजा रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटलाय. बोदवडच्या आभाळात ढग. तेवढ्यात मोबाईलवर चंद्रकोरीचा फोटो येतो. मग उद्या ईद? थांबा जरा!

हनफी परंपरेत ढगाळ आभाळ असलं, तर ईदच्या चंद्रासाठी दोन विश्वासू पुरुषांची, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रियांची साक्ष लागते. साक्षीदाराला विचारता येतं : कुठून पाहिलात? कोर किती वर होती? फोटोला काय विचारणार? एआय तर नसलेला चंद्रही क्षणात उगवतं! आणि खऱ्या फोटोतली कोर आजचीच कशावरून?

कोर्टातही मोबाईलमधल्या पुराव्याला सहसा प्रमाणपत्र जोडावं लागतं (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३).

साक्ष मिळालीच नाही, तर तीस रोजे पूर्ण करायचे. शिरखुर्मा एक दिवस उशिरा!