पेटी कपाटात, गाणी फोनमध्ये

डिसेंबर आला की तुमच्यापैकी बरेच जण एनएसएसच्या शिबिरासाठी बॅगा भरतात. सात दिवस गावात मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी एखादं व्याख्यान आणि रात्री धमाल. आमच्या ओळखीची एसवायला असलेली एक मुलगी मागच्या वर्षी अशाच शिबिराला गेली होती. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. दुसऱ्या दिवशी गुरुजींना कळलं, की ही पोरगी गाणं शिकलेली आहे. लगेच विनंती आली, "ताई, सव्वीस जानेवारीसाठी मुलांचं एक समूहगीत बसवून द्या ना." शाळेत पेटी होती, पण कपाटात, भाता फाटलेली. संगीताचे शिक्षक तिथे कधी आलेच नव्हते. मग हिने फोन काढला.

देशभक्तीच्या एका प्रसिद्ध गाण्याचा कराओके ट्रॅक दोन मिनिटांत सापडला. मुखडा झकास झाला. अंतऱ्यात चाल वरच्या पंचमाला गेली आणि चाळीस मुलं गायची सोडून किंचाळायलाच लागली. ट्रॅक एका पार्श्वगायिकेच्या पट्टीतला होता. हिने ॲपमधून पट्टी खाली घेतली. अंतरा जमला, पण आता मुखड्यातले खालचे स्वर मुलांच्या गळ्यातून गायब! नेटने गाणं दिलं, ट्रॅक दिला, पट्टी बदलायचं साधनही दिलं. हे गाणं या मुलांच्या गळ्याचं नाही, एवढं मात्र ते सांगू शकलं नाही.

शाळेतल्या संगीतासाठी ऑनलाइन साहित्य शोधणं म्हणजे काय, ते या एका संध्याकाळीत आलं. साहित्य भरपूर आहे. आपल्याकडे कमी आहेत ती ते चाळून देणारी माणसं. आणि ती माणसं तुम्ही होऊ शकता, म्हणून आज हे तुम्हाला लिहितोय.

आता कुणी म्हणेल, शाळेत संगीत आहेच की! आहे ना, कागदावर आहे. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकांत गायन-वादनाचा भाग आहे आणि ती पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी आणलेल्या 'कृती' या पुस्तकातही संगीत आहे. दहावीला शास्त्रीय आणि लोककलांचे वाढीव गुण मिळतात, हे तर तुमच्यातल्या अनेकांनी अनुभवलं असेल. पण कित्येक शाळांत कलेचा तास गणिताच्या बाईंकडे असतो आणि त्या तासाला काय होतं, ते तुम्हाला आठवत असेलच. पुस्तकात 'तालात टाळ्या वाजवा' असं लिहिलेलं असतं. ताल कुठला, किती लयीत, चुकलं तर काय करायचं, हे छापील पानावरून कळणार कसं?

गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अडचण नेमकी उलटी होती. बंदिशी घराण्यांच्या तिजोरीत होत्या आणि बाहेरच्याला त्या मिळवायला नाकी नऊ यायचे. पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांची मनधरणी केली, ऐकलेलं स्वरलिपीत उतरवलं आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापलं. तेही मराठीत. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची चक्क शाळाच सुरू केली. भातखंडे १९३६ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क, या आपल्या कायद्यानुसार त्यांचं मूळ लेखन आता सगळ्यांचं आहे. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. ज्या बंदिशीसाठी त्यांनी रेल्वेचे लांबलांबचे प्रवास केले, ती आज तुमच्या मोबाइलवर बसल्या जागी उघडते.

पण उघडली म्हणजे कळली, असं नाही. एक साधं उदाहरण घ्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला, खाली टिंब असेल तर मंद्र सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं! तार सप्तकासाठी तिथे डोक्यावर उभी रेघ काढतात. आणि हीच उभी रेघ भातखंड्यांच्या पुस्तकात मध्यमावर दिसली, तर तो तीव्र मध्यम असतो. नेटवर मिळालेल्या पानावर कुठली पद्धत वापरलीय हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. पाचवीतली मुलगी ते पान बघून पेटीवर गाणं काढायला बसली, तर बिचारी सप्तकच चुकेल आणि तिला वाटेल, आपल्यालाच येत नाही. गांधर्वच्या दोन-तीन परीक्षा दिलेला कुणीही मुलगा हा गोंधळ अर्ध्या मिनिटात सोडवू शकतो. चाळून देणं म्हणतो ते हे.

गळ्याचंही तसंच. एखादं गाणं शाळेसाठी निवडण्याआधी फोनवरच्या कीबोर्डवर त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा. दोन्हींत एका सप्तकाहून जास्त अंतर असेल तर प्राथमिकच्या मुलांसाठी ते गाणं सोडून द्या, कितीही आवडतं असलं तरी. सिनेमातली गाणी इथेच बाद होतात, कारण ती कसलेल्या गळ्यांसाठी बांधलेली असतात. भोंडल्याची, हादग्याची गाणी बघा. चाल चार-पाच स्वरांत फिरते, ओळी परत परत येतात आणि फेर धरल्यावर लय आपोआप सांभाळली जाते. त्या बायकांना कुणी बालमानसशास्त्र शिकवलं नव्हतं.

आपल्या शिबिरातल्या मुलीलाही वाट सापडली ती तिथेच. रात्री शोधता शोधता ती 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातल्या जात्यावरच्या ओव्यांपर्यंत पोचली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा. २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने 'परी'वर येतोय, शब्दांसकट आणि अनेक ठिकाणी बायकांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणासकट. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. प्रजासत्ताक दिनाला याहून साजेसं काय असणार? सकाळी तिने मुलांना त्या ऐकवल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अशी चाल आमच्यात पण हाय, पण जरा येगळी." मुलांनी शेवटी ओव्या म्हटल्या त्या मावशींच्या चालीवर.

त्या मावशींची चाल नेटवर कुठेच नव्हती. अहिराणीतलं, मालवणीतलं, गोंडीतलं असं किती गाणं अजून फक्त कुणाच्या तरी आजीच्या तोंडी असेल! शोधायला बसलात आणि सापडलं नाही, तर लगेच हार मानू नका. कदाचित ते गाणं नेटवर चढवणारे पहिले तुम्हीच असाल. फक्त त्या बाईंना विचारून, त्यांचं नाव घालू का, हेही विचारून.

साधनांबद्दल थोडं बोलू, कारण ती पटकन शिकता येतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर लय न बदलता पट्टी बदलतं आणि पट्टी न बदलता लय संथ करतं. यूट्यूबवरही वेग पाऊण पट केला तरी सूर तोच राहतो. गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबला लॉगिन लागत नाही. त्यातला स्पेक्ट्रोग्राम उघडून मुलांना 'आ' आणि 'ई' लावायला सांगा. एकाच सुरातले दोन स्वर पडद्यावर वेगळे दिसतात, हे बघून मुलं वेडी होतात. मराठी गाण्यांच्या शब्दांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ आहे. तिथे गीतकार-संगीतकारांबरोबर अनेक गाण्यांचे रागही दिलेत. मात्र शाळेत रेंज असेल हे गृहीत धरू नका. पेन ड्राइव्ह न्या.

व्हिडिओ कॉलवरून शिकवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. झूमसारखी ॲप्स पंख्याचा आवाज समजून तानपुरा गाळून टाकतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. दुसरं म्हणजे आवाज पोचायला उशीर होतो. एकत्र गायचा हट्ट धरलात तर सगळा कालवा होईल. तुम्ही एक ओळ म्हणा, थांबा, मग मुलं म्हणतील. तालीम तशीही अशीच चालते.

कायद्याची धास्ती अनेकांना असते. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी गाणं सादर केलं आणि समोर शाळेचेच लोक आणि पालक असले, तर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे. त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ तुम्ही चॅनेलवर टाकलात, की मामला वेगळा होतो. मग सूचना आली म्हणून चिडू नका.

आता तुमच्या कामाचं. नव्या अभ्यासक्रमाच्या क्रेडिटच्या तक्त्यात सीसी, एफपी, सीईपी ही अक्षरं तुम्ही पाहिलीच असतील आणि 'यात काय करायचं ब्वा' असं म्हणून कुणाची तरी जुनी फाइल मागितली असेल. त्याऐवजी एक शाळा घ्या. एकच. तिच्यासाठी दहा गाणी निवडा, मुलांना झेपतील अशी. प्रत्येक गाणं तुमच्या स्वतःच्या आवाजात, मुलांच्या पट्टीत, ओळीनंतर जागा सोडून रेकॉर्ड करा. कुठून घेतलं ते लिहून ठेवा. तबला येणारा मित्र असेल तर त्याच्याकडून केरवा आणि दादरा दोन-तीन लयींत वाजवून घ्या. हे सगळं करायला दोन सुट्ट्या पुरतात. आणि तुमच्या प्राध्यापकांना ते क्रेडिटमध्ये धरायला लावा, भांडून का होईना.

एका बाबतीत मात्र आम्ही ठाम आहोत. 'एवढं सगळं फुकट मिळतंय, पोरंही येऊन शिकवतात, मग संगीत शिक्षकाची गरजच काय' असा हिशेब कुणी मांडला, तर त्याला तुमची मदत साक्षीला देऊ नका. सूर किती घसरला ते ॲप सांगेल. शेवटच्या रांगेतला मुलगा नुसतेच ओठ का हलवतोय, मागे कधी कुणी त्याच्या आवाजाला हसलं होतं का, हे रोज वर्गात असणाऱ्या माणसालाच कळतं. तुम्ही सात दिवसांनी निघून जाणार आहात.

ती मुलगीही निघून आली. फेब्रुवारीत गुरुजींनी तिला व्हॉट्सॲपवर एक क्लिप पाठवली. चाळीस मुलं, मागे कुठेतरी कुत्रं भुंकतंय आणि तिसरी ओवी चांगलीच खाली घसरलीय. हॉस्टेलच्या गच्चीत बसून तिने ती चारदा ऐकली. मग त्या एका ओवीचं रेकॉर्डिंग थोड्या संथ लयीत करून परत पाठवलं. पेटीचा भाता दुरुस्तीला टाकलाय, असं गुरुजींचं उत्तर आलं.