‘लिनक्सवर चालत नाही’ म्हणे!

‘लिनक्सवर दुसरा मॉनिटर चालत नाही’ हे वाक्य मी वर्षभरात तिघांच्या तोंडून ऐकले. त्यातला एक आमचा भाचा, हिंजवडीला नोकरीला. (हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते बरं का, पुणेकर विसरतात!) "मामा, या वयात कशाला हे उपद्व्याप?" म्हणाला. या वाक्याचा मला मनापासून राग आहे, कारण ते खोटे आहे.

माझा लॅपटॉप २०१७ चा, भाच्यानेच वापरून दिलेला. विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निकालात! त्यावर उबुंटू घातले, छान चालते. अडचण फक्त डोळ्यांची. मोतीबिंदू काढूनही लहान पडद्यावरची जोडाक्षरे मला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून मोठा मॉनिटर आणला, आणि तो जोडायला डॉक. डॉकवर कीबोर्ड चालला, माऊस चालला, नेट चालले. मॉनिटर मात्र काळाठिक्कर.

आता दोष कोणाचा ते बघा. डॉकच्या मुख्य जाती दोन. एकीत चित्र लॅपटॉपची ग्राफिक्स चिप तयार करते आणि यूएसबी-सीच्या वायरीतून डिस्प्लेपोर्टचे संकेत सरळ मॉनिटरकडे जातात. डॉक नुसता मधला सांधा. त्याला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसऱ्या जातीत लॅपटॉप चित्र दाबून लहान करतो, साध्या माहितीसारखे यूएसबीतून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडते. इथे ड्रायव्हर हवाच. विंडोजवरही हवाच, पण तिथे तो बहुतेक वेळा गुपचूप आपोआप उतरतो. लिनक्सवर हाताने घालावा लागतो. त्याचा एक भाग कर्नलला जोडला जातो, कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेल्या त्या भागाला दारातच अडवतात. माझ्याकडे नेमके हेच झाले होते. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यावर डॉकमधली चिप कोणती ते कळले. ड्रायव्हर घातला, सहीची किल्ली नोंदवली, यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा उजळला. एक दुपार गेली, दोन चहा झाले.

आता मला सांगा, यातली डॉकची जात खोक्यावर एका ओळीत लिहायला काय हरकत होती? ‘४के’ आणि ‘प्लग अँड प्ले’ मात्र हे एवढ्या मोठ्या अक्षरांत! तीच गत लॅपटॉपच्या खाचेची. २०१४ साली आलेली यूएसबी-सी दिसायला सगळीकडे सारखी, पण चित्र वाहून नेणे तिच्यात ऐच्छिक. एक खाच नुसती माहिती नेते, दुसरी चार्जिंगही करते, तिसरी चित्रही दाखवते. शेजारी खूण छापण्याचे कष्ट कित्येक कंपन्या घेत नाहीत. मी मराठीचा मास्तर, पण आमच्या विज्ञानाच्या सरांचा नियम अजून आठवतो: चिठ्ठी नसलेली बाटली प्रयोगाच्या टेबलावर यायची नाही.

भाचा म्हणतो, लिनक्सवाले असे कितीसे, कंपन्यांनी त्यांच्यासाठी का झिजावे? अरे, जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर आहेत, तुझ्या पगाराचा हिशेबसुद्धा त्यातल्याच एखाद्यावर होत असेल. केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षे लिनक्सवरच शिकवतात. आणि मी कुठे जास्तीचे काम मागतोय? शाईची एक ओळ मागतोय.

मला पुढचे दिसते म्हणून चिडतो. हिंजवडीतल्या कंपन्यांतून असे ‘निकालात’ निघालेले लॅपटॉप पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या शाळांना मिळाले, तर एकेका मोठ्या पडद्यासमोर पंधरा पोरे बसतील. तिथल्या बाईंना कर्नल आणि सही कोण समजावणार? पहिल्याच दिवशी पडदा काळा राहिला की त्या शहाण्यासारखा लॅपटॉप कपाटात ठेवतील, वर लिनक्सच्या नावाने बोटे मोडतील. म्हणून भाच्याला काम लावले आहे. त्याच्या ऑफिसातून जे डॉक बाहेर पडतील, त्या प्रत्येकावर जात लिहिलेली चिठ्ठी डकवायची. चिठ्ठ्या मी लिहून देणार, मराठीत.