कर्ज एकाचं, घर कोणाचं?

वणीतल्या बऱ्याच तरुण जोडप्यांच्या आयुष्यात निकाहनाम्यानंतरचा पहिला मोठा कागद घराच्या कर्जाचा असतो. कोणी वेकोलिच्या खाणीत कामाला आहे, कोणाचं गॅरेज आहे, कोणाची बायको शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करते. अशा मुलांकडून मला एक प्रश्न हमखास येतो: अर्जात बायकोचं नाव टाकलंच पाहिजे का?

नाही. नवरा किंवा बायको, कोणालाही एकट्याने अर्ज करता येतो. बँक अर्जदाराचं उत्पन्न, वय, चालू असलेले हप्ते आणि सिबिल स्कोअर पाहते. एकाचा स्कोअर बिघडलेला असेल तर दुसऱ्याने एकट्याने अर्ज करणं शहाणपणाचंही ठरतं. व्याजाबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या कागदांबद्दल.

कर्जाच्या अर्जातलं नाव आणि खरेदीखतातलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात नाव असलेला देणेकरी, खरेदीखतात नाव असलेला मालक. सहमालकाला बँका सहसा सहकर्जदार करून घेतात. पण सहकर्जदार झाल्याने कोणी मालक होत नाही. जास्त कर्ज मिळावं म्हणून बायकोचा पगार दाखवला आणि खरेदीखत मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर केलं, तर पूर्ण कर्जाची जबाबदारी तिच्यावर येते आणि घर तिचं होत नाही.

यावर आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे: नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं? भावना चांगली आहे, पण आपला व्यक्तिगत कायदा तसं मानत नाही. त्यात नवऱ्याची मिळकत नवऱ्याची आणि बायकोची बायकोची. मेहरवर फक्त तिचा हक्क असतो तो याच तत्त्वामुळे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते आणि तिथल्या मुस्लिम जोडप्यांनाही हे लागू आहे. वणीत तसं नाही. इथे हप्ते भरले म्हणून मालकी आपोआप मिळत नाही.

हिशोब करून पाहा. घर २४ लाखांचं, खरेदीखत नवऱ्याच्या नावावर, निम्मे हप्ते बायकोच्या पगारातून गेलेले. कर्ज फिटलं, मेहर आणि बाकी देणी दिली गेली, आणि मुलंबाळं मागे ठेवून नवरा वारला. बायकोचा वारसाहक्क एक अष्टमांश, म्हणजे ३ लाख. तेच निम्मं घर आधीपासून तिच्या नावावर असतं, तर तिचे स्वतःचे १२ लाख आणि नवऱ्याच्या निम्म्यातला अष्टमांश दीड लाख, असे साडेतेरा लाख झाले असते. अष्टमांश हा विधवेचा वाटा आहे. तिच्या पगारातून गेलेल्या पैशांची ती परतफेड नव्हे.

‘मृत्युपत्र करून ठेवू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेलं मृत्युपत्र बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. त्यामुळे नाव लावायची खरी वेळ खरेदीच्या दिवशीच असते.

हे पुरुषांनाही लागू आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून, घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते; नवऱ्याचं नाव जोडलं की मिळत नाही. २४ लाखांच्या घरावर हे २४ हजार रुपये होतात. तेवढ्यासाठी नाव लावण्याआधी मालक कोण होणार आहे, हे दोघांनी समजून घ्यावं.

म्हणून बँकेत जाण्याआधी दोघांनी तीन प्रश्नांची उत्तरं ठरवा: पैसे कोण भरणार, कर्ज कोणाच्या अंगावर राहणार, मालक कोण? एकट्याने भरायचं असेल तर एकट्याने अर्ज करा, त्यात गैर काही नाही. दोघांचे पैसे जाणार असतील तर खरेदीखतात दोघांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. वकिलाला हे आधीच सांगा. रजिस्ट्रीच्या दिवशी रांगेत उभं राहून हे ठरत नाही.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. दुकानदाराशी आपण ती पाळतो. घरातल्या माणसाशीही पाळायला हवी.