टोपी कुणाची?

परवा भाची क्लासच्या नोट्स घेऊन आली. "मामा, हे अ‍ॅसिटाबुलारिया काय असतं? उद्या टेस्ट आहे." नोट्समध्ये एकच वाक्य: केंद्रक हाच पेशीचा सूत्रधार, हे हॅमरलिंगने सिद्ध केले. झालं. संपला हॅमरलिंग!

तर अ‍ॅसिटाबुलारिया हे उथळ समुद्रातलं हिरवं शेवाळ. दिसतं छोट्या छत्रीसारखं. तळाशी दगडाला धरून बसणारा मुळांसारखा भाग, मग देठ, वर टोपी. उंची काही सेंटीमीटर, म्हणजे सरळ डोळ्यांना दिसतं, आणि हे सगळं मिळून पेशी एकच! केंद्रकही एकच, तेही पार तळाला.

१९३०च्या दशकात योआखिम हॅमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञाने याच्या दोन जाती घेतल्या. एकीची टोपी अखंड, दुसरीची पाकळ्या सुट्या झाल्यासारखी. एकीच्या तळावर दुसरीचा देठ, असं आंब्यासारखं कलम केलं. टोपी शेवटी आली ती तळातल्या केंद्रकाच्या जातीची. नोट्स इथे थांबतात.

पण त्या 'शेवटी'तच तर गंमत आहे. कलमावर पहिली टोपी बरेचदा अधलीमधली यायची. ती छाटली की पुढची केंद्रकाच्या वळणावर जायची. त्याहून भारी म्हणजे, तळ कापून केंद्रकच काढून टाकलं तरी उरलेला देठ कित्येक आठवडे जगायचा आणि नवी टोपी करायचा. ती छाटली की मात्र पुन्हा नाही. म्हणजे केंद्रकाने निरोप आधीच वर धाडून ठेवलेले होते. हॅमरलिंगने त्यांना आकार घडवणारे पदार्थ म्हटलं. मेसेंजर आरएनए सापडला १९६१मध्ये. या माणसाने नुसत्या कापाकापीवरून कितीतरी आधी ओळखलं होतं!

माझं स्पष्ट मत आहे की 'सूत्रधार' शिकवून निरोप गाळणं म्हणजे प्रयोग न शिकवणंच. (हा सूत्रधारही पुढे स्वतःचे हजारो तुकडे करून टोपीत जातो, ते वेगळंच.) बारावीत मी विचारलं होतं, केंद्रक नसताना टोपी कशी आली? "परीक्षेला नाही ते," असं उत्तर मिळालं होतं.

भाचीनेही नेमकं तेच विचारलं. सगळं समजावून सांगितलं आणि वर म्हणालो, "पेपरात मात्र नोट्समधलंच लिही." तेव्हापासून स्वतःचाच राग येतोय.

काल पेपर मिळाला. कार्टीने सगळं लिहिलं होतं, निरोपांसकट. दोनपैकी एक मार्क, आणि निरोपांवर लाल रेघ. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल, तर खरंच सांगा, तुम्ही किती दिले असते?