डिप्लोम्याच्या दोन वर्षांचा जमाखर्च

निकाल लागून गुणपत्रके हाती पडली, की पुण्यातील मध्यम स्थितीच्या घरांत जो हिशेब सुरू होतो, त्यात फीचा आकडा सर्वांत ठळक अक्षरांत मांडलेला असतो आणि खरा खर्च मात्र वहीच्या समासातही आढळत नाही. ज्या मुलाने दोन वर्षे आयटीआयमध्ये घालवून फिटर किंवा मशिनिस्टचा ट्रेड पुरा केला आहे आणि आता तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेऊन आणखी दोन वर्षांत डिप्लोमा पदरात पाडून घ्यावा की नाही, अशा विवंचनेत जो पडला आहे, त्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे. सरकारी तंत्रनिकेतनाची फी बेताची असते, सवलतीही असतात; परंतु हीच दोन वर्षे तो चाकणला किंवा भोसरीला मशीनवर उभा राहिला असता तर घरी जो पगार आला असता, तो येत नाही, आणि न आलेल्या पैशाची पावती कोणी फाडत नसल्यामुळे तो खर्च झाला हे कोणाच्या गावीही नसते.

कालाचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. दहावीनंतर तीन वर्षे डिप्लोमा आणि पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळाल्यास आणखी तीन, अशी सहा वर्षे होतात. अकरावी, बारावी आणि चार वर्षांची पदवी या राजमार्गानेही तितकीच लागतात. आयटीआयच्या वाटेने येणाऱ्यास एक वर्ष अधिक पडते. त्या एका वर्षाच्या मोबदल्यात त्याला काय मिळाले, हे पाहावयाचे असेल तर औंधच्या आयटीआयसारख्या ठिकाणच्या फिटिंग विभागात घटकाभर उभे राहावे. व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडी तुकडा मुलगा कानशीने घासतो, गुण्या लावून खिडकीच्या उजेडाकडे धरतो, आणि पाते व पृष्ठभाग यांमधून उजेडाची केसाएवढी रेघ जरी दिसली, तरी निमूटपणे पुन्हा व्हाइसकडे वळतो. कोणत्या कोपऱ्यावर किती जोर द्यावा, हे त्याच्या मनगटास कळू लागेपर्यंत महिने जातात. राजमार्गाने आलेल्या पदवीधराच्या वाट्याला वर्कशॉपचे मोजके तास येतात.

हात आणि डोके यांची ही फारकत या शहरात मुळापासून होती, असे मात्र नव्हे. 1854 साली सरकारने येथे जी शाळा काढली, तिच्या नावातच इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल अशी दोन्ही अंगे होती, आणि बांधकाम खात्यास लागणारा दुय्यम दर्जाचा अधिकारवर्ग तयार करणे हा तिचा उघड हेतू होता. तिचेच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. तेथूनच विश्वेश्वरय्या 1883 साली एल.सी.ई. होऊन बाहेर पडले; त्या परीक्षेच्या नावात ‘बॅचलर’ हा शब्दही नव्हता, म्हणून खडकवासल्याच्या धरणास त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दारांचे काही अडले नाही. (आजच्या एखाद्या चोखंदळ वधूपित्याने त्यांच्या त्या दाखल्यावर काय शेरा मारला असता, याची कल्पना न केलेली बरी.) पुण्याचे शासकीय तंत्रनिकेतन 1957 सालचे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली आला आणि 1973 च्या दुरुस्तीने डिप्लोमाधारकांनाही त्याच्या कक्षेत घेतले गेले.

आता प्राप्तीची बाजू. डिप्लोमा झालेला मुलगा कारखान्यात बहुधा ट्रेनी म्हणून लागतो आणि ‘वर्कर’ न राहता ‘स्टाफ’मध्ये मोडतो, याचा घरच्यांना मोठा अभिमान असतो. परंतु जुन्या, युनियनचे करार असलेल्या कारखान्यांत कायम झालेल्या अनुभवी फिटरचे वेतन त्याच्यावर देखरेख करणाऱ्या तरुण सुपरवायझरपेक्षा अधिक असते, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडमध्ये कोणालाही नवी नाही. ओव्हरटाइम फिटरला मिळतो, उशिरापर्यंत थांबणे सुपरवायझरच्या कपाळी येते. म्हणून ज्या मुलास अशा ठिकाणी कायम होण्याची वाजवी आशा आहे, त्याने डिप्लोम्याच्या नादी लागू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. अडचण अशी, की कायम करण्याची ती चाल आता विरळ होत चालली असून कंत्राटावर घ्यावयाचे आणि मुदत संपली की घरी पाठवावयाचे, हाच रिवाज सर्रास झाला आहे. अशा स्थितीत नुसत्या ट्रेडच्या दाखल्यावर बढतीची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि ती दोन वर्षे खर्ची घालणेच शहाणपणाचे ठरते. मात्र सरकारी जागा मिळाली तरच. शेत गहाण टाकून किंवा कर्ज काढून दूरच्या खाजगी संस्थेत, खोलीभाडे आणि मेसचा भार सोसून डिप्लोमा करणे मला तरी कोणत्याही हिशेबात बसविता आलेले नाही.

पुढे पदवीकडे वळावयाचे असेल, तर आणखी एक खर्च उभा राहतो, तो गणिताचा. थेट दुसऱ्या वर्षास येणाऱ्याचे पहिल्या वर्षाचे गणित सुटलेले असते. डिप्लोम्यात एकदा आणि पदवीस जाताना पुन्हा एकदा. पुणे विद्यापीठाच्या ‘एम-थ्री’ या पेपराने डिप्लोम्याची किती हुशार मुले अडवून धरली, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. लेथवर शतांश मिलिमीटर पाळणारा मुलगा तेथे केवळ अवकलनाच्या पायऱ्या न शिकल्यामुळे अडखळतो. तेव्हा प्रवेशाची यादी लागण्याची वाट न पाहता पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तक आधीच आणून ठेवावे. अप्पा बळवंत चौकात जुने, निम्म्या किमतीत मिळते.