गिऱ्हाईक आणणाऱ्याला पैसे कशाचे द्यायचे?



धारवाडच्या सप्तापूर भागात आपली मासळी आता बऱ्यापैकी ओळखीची झाली आहे. आठवड्यातून तीन रात्री आपली गाडी आरबैल घाट चढून जाते, सकाळी व्हॉट्सअॅपवर यादी पडते आणि दुपारपर्यंत डबे रिकामे होतात. आता हे काम वाढवायचं आहे. त्यासाठी गिऱ्हाईक आणून देणारी माणसं लागतील आणि ती फुकट काम करणार नाहीत, करूही नये. तेव्हा त्यांना पैसे कशाचे द्यायचे, हा प्रश्न सभेपुढे येतो आहे.

एका बाहेरच्या जाहिरात कंपनीने सांगितलं आहे की प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ३०० रुपये द्या, पहिली ऑर्डर घरी पोचली की आमचा तुमचा हिशोब संपला. बऱ्याच जणांना हे सोपं वाटतं. आम्हाला ते धोक्याचं वाटतं. कारण इथेच लिहून ठेवतो, कारण सभेत आवाज मोठे असतात आणि आकडे कोणाला ऐकू येत नाहीत.

आधी आपल्या घरातलाच हिशोब बघा. खलाशाला वाट्याने ठेवायचं की पगाराने, हा वाद जेटीवर कायम चाललेला असतो. वाट्याच्या होडीवर डिझेल, बर्फ, रेशन वजा करून उरेल त्यात होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा जास्त, खलाशाचा एक. मासळी लागली तर सगळे हसतात, नाही लागली तर सगळे उपाशी. पगाराच्या होडीवर खलाशाला महिना ठरलेला, मासळीचा जुगार मालकाचा. लिंक किंवा कोड देऊन गिऱ्हाईक आणणाऱ्यांचा जो नवा धंदा निघाला आहे, ज्याला अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात, त्यातही भांडण हेच आहे. गिऱ्हाईक टिकलं नाही तर नुकसान कोणाच्या अंगावर?

आता आकडे. समजा सप्तापुरातली एक ऑर्डर ६०० रुपयांची. लिलावाचा दर, बर्फ, थर्माकोलचा डबा, गाडी, साफ करणारीची मजुरी, घरपोच देणाऱ्याचे पैसे, सगळं जाऊन संस्थेकडे १५ टक्के म्हणजे ९० रुपये उरतात असं धरू. कंपनीला ३०० दिले तर चौथ्या ऑर्डरीपर्यंत आपण तोट्यातच. आणि माणूस एकदाच मासळी घेऊन गेला तर २१० रुपये गेले ते गेले. त्याऐवजी आणणाऱ्याला प्रत्येक ऑर्डरीवर ५ टक्के, म्हणजे ३० रुपये, असे त्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या दहा ऑर्डरींवर दिले, तर त्यालाही तेच ३०० मिळतात. फरक एवढाच की ते गिऱ्हाईक दहा वेळा आलं तर मिळतात. पहिल्याच वेळी शिळा बांगडा मिळाला आणि गिऱ्हाईक पळालं, तर आपले ३० गेले.

सप्तापुरात हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे. तिथे स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, भाड्याच्या खोल्या, खानावळी. एका खोलीत चार पोरं. डोक्यामागे पैसे द्यायचं ठरलं की चार मोबाइल, चार नावं, चार "नवीन गिऱ्हाइकं", आणि मासळी एकाच कढईत. परीक्षा झाली की खोली रिकामी. यात पोरांचा दोष नाही, ज्याचे पैसे द्याल तेच माणूस आणून देतो. नावनोंदणीचे दिले तर नावं येतील. लिंक उघडण्याचे दिले तर लिंक उघडल्या जातील, त्यावर तर आम्ही बोलतही नाही.

म्हणून टक्केवारी, आणि तीही मासळी पोचून पैसे जमा झाल्यावर. पण इथेही एक गोम आहे, ती शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. टक्केवारी किती दिवस चालू ठेवायची हे बहुतेक ठिकाणी दिवसांवर ठरतं. अॅमेझॉनवर तर लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू टोपलीत टाकली तरच आणणाऱ्याला कमिशन. आपल्याला कोणी ९० दिवसांची मुदत सुचवली आहे. आता मे महिन्याच्या शेवटी कोणी गिऱ्हाईक आणलं असं समजा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. होड्या किनाऱ्याला लागतात तोवर श्रावण आलेला किंवा तोंडावर, म्हणजे निम्मी मराठी घरं मासळीला हात लावत नाहीत. नव्वद दिवस संपले आणि आणणाऱ्याच्या हातात शून्य. असा माणूस पुन्हा आपल्यासाठी तोंड उघडेल का? म्हणून मुदत दिवसांवर नको, ऑर्डरींवर मोजा. पहिल्या दहा. त्या तीन महिन्यांत होवोत नाहीतर वर्षभरात.

सरसकट ५ टक्केही बरोबर नाही असं आमचं मत आहे. सरसकट ठेवलं की आणणारा सुरमई आणि पापलेटच विकणार, कारण त्यात त्याचे जास्त सुटतात. पण या दोन्हींना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. खरी अडचण बांगडा आणि तारली एकदम लागतात तेव्हा असते, जेटीवर दर कोसळतो आणि होडीमालक डिझेलचेही पैसे निघतील का ते बघत बसतो. म्हणून महागड्या मासळीवर ३ टक्के आणि बांगडा-तारलीवर ८ टक्के ठेवा. ४०० च्या बांगड्यावर ३२ रुपये मिळतात, १००० च्या सुरमईवर ३०. मग बघा बांगड्याची पाककृती कोण कोण टाकतं ते. टक्के मासळीच्या किमतीवरच, घरपोच देण्याच्या आणि साफ करण्याच्या पैशावर नाही. खानावळींची मोठी ऑर्डर वेगळी, तिचा दर किलोवर ठरवू.

काही सभासद म्हणतात, सगळा धोका आणणाऱ्यावर टाकणं हाही अन्याय आहे. ते बरोबर बोलतात. ज्यांना ही गोष्ट लहान वाटते त्यांनी पिग्मीवाला आठवावा. आपल्या कर्नाटकातच १९२८ साली टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, रोज दोन-दोन आणे घरोघर जाऊन गोळा करायची योजना काढली. गोळा करणाऱ्याला पगार नाही, जमा केलेल्या रकमेवर कमिशन. बँक मोठी झाली, पण पाऊस असो की ताप, त्या दिवशी फिरला नाही तर त्याच्या घरी काही नाही. शेवटी प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात गेलं. १९८८ च्या निवाड्यात असं ठरलं की महिन्याला किमान ७,५०० रुपये गोळा करणाऱ्याला ७५० रुपये ठरलेले द्यायचे, त्यावरच्या रकमेवर २ टक्के, शिवाय फिरण्याचा भत्ता. बँका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००१ मध्ये न्यायालयाने हे जमा करणारे कामगारच आहेत असं सांगितलं.

थोडा ठरलेला पैसा, थोडी टक्केवारी, आणि चपलेचा खर्च वेगळा. हा मार्ग साठ वर्षांच्या भांडणानंतर निघाला, आपण तो पहिल्याच दिवशी घेऊ शकतो. आमची सूचना अशी: जो नियमाने आपलं काम करतो त्याला पहिले तीन महिने फोन आणि पेट्रोलचा ठरलेला भत्ता, बंदीचे महिने त्यात धरायचे नाहीत. कमिशन दर महिन्याच्या १० तारखेला खात्यात. "पुढच्या महिन्यात बघू" हे आपण लिलावाच्या पैशाच्या बाबतीत पुष्कळ ऐकलं आहे, ते दुसऱ्याला ऐकवू नये.

साखळी मात्र अजिबात नको. "मी दोन माणसं जोडली, त्यांनी चार जोडली, सगळ्यांचं मला" असली मागणी एकदोघांनी केली आहे. माणसं भरती केल्याचे पैसे देणारी पिरॅमिड योजना थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत बंद आहे, आणि १९७८ चा प्राइझ चिट व मनी सर्क्युलेशनवर बंदी घालणारा कायदा त्याहून कडक आहे. कोड एकाचा, गिऱ्हाईक त्याचं, विषय तिथेच संपतो.

कागदाचं थोडक्यात. एकाला वर्षात २०,००० रुपयांच्या वर कमिशन गेलं तर संस्थेला २ टक्के टीडीएस कापावा लागतो. पॅन दिला नाही तर २० टक्के, मग आमच्याशी भांडू नका. आणि जो आपल्या मासळीचं कौतुक इन्स्टाग्रामवर करेल त्याने "मला यात कमिशन मिळतं" हे तिथेच लिहायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं आहे, आणि खोट्या जाहिरातीचा दंड १० लाखांपर्यंत जातो. बर्फातली मासळी "आज पहाटेची" म्हणून कोणी खपवली तर नाव संस्थेचं जाईल.

राहिला सगळ्यात नाजूक प्रश्न, पहिले कोड कोणाला? चर्चेत फक्त कंपनी आणि इन्स्टाग्रामवाली पोरं आहेत. पण सप्तापूरच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांनी ही गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं राखली आहेत. कोणत्या वहिनींना काट्याची मासळी चालत नाही, कोणाकडे गुरुवार पाळतात, कोणाच्या घरी माहेरवाशीण आली आहे, हे त्यांना तोंडपाठ. तीच घरं उद्या व्हॉट्सअॅपवर मागवू लागली आणि कमिशन कोणा तिसऱ्याला गेलं, तर आपण आपल्याच बायकांच्या टोपलीतून काढून बाहेरच्याला देतो आहोत.

म्हणून पहिले कोड त्यांचे, आणि त्यांना दहा ऑर्डरींची मर्यादा नको. एलआयसीचा एजंट हप्ते चालू असेपर्यंत कमिशन खातो, त्याला कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचा कोड कागदावर छापून टोपलीला लावू, गिऱ्हाईक ऑर्डर देताना आकडा सांगेल.

यावर दोन संचालकांचा विरोध आहे. मर्यादा नसेल तर संस्थेला कायमचा भार पडेल असं ते म्हणतात. त्यांचा हिशोब त्यांनी सभेपूर्वी लेखी द्यावा, तो आम्ही याच पानावर जसाच्या तसा टाकू. कंपनीला उत्तर सभेनंतरच जाईल. येताना होडीमालकांनी घरातल्या बाईमाणसांनाही घेऊन यावं, या विषयावर मत त्यांचंही घ्यायचं आहे.